बोट घेत नाही

"मशीनलेही समजते, कोणाले शिवू द्यायचं अन् कोणाले नाई."

गणिताचे सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी आठवीत होते. माझ्या हातात टॅब होता आणि मी त्याच्या काचेवर बोट दाबत होते. पर्याय ब. माझं उत्तर ब होतं. दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. नाही. अंगठ्यानं दाबलं. नाही. कोपऱ्यातली वेळ पळत होती. ती संपली, काच लाल झाली, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर माझं नावही लाल झालं.

सर माझ्या मागेच उभे होते. माझं बोट काचेवर आपटताना त्यांनी पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. रागानं नाही, गमतीनं. मला तेच जास्त लागलं. रागानं म्हटलं असतं तर निदान दोन-चार पोरं गप्प बसली असती. सरांच्या गमतीवर सगळ्यांना हसावंच लागतं. माझ्या बाकावर बसणारी पूर्वाही हसली. मग माझ्याकडे पाहून तिनं हसू गिळलं.

"शिवू द्यायचं." तो शब्द मला कुणी समजावून सांगितला नव्हता. ऐकताक्षणी समजला. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना तो शिकवावा लागत नाही.

आमचं गाव कोरपन्याकडचं. एका अंगाला सिमेंट कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला कापसाची वावरं. आम्ही बौद्ध. गावाच्या टोकाला विहार आणि विहाराभोवती आमची घरं. आई-बाबा दोघंही मजुरीला जायचे. कापूस फुटला की मीही जायची. रविवारी दिवसभर, दिवाळीच्या सुट्टीत रोज. कापूस लांबून मऊ दिसतो. ज्यानं वेचला नाही त्याला तो जवळूनही मऊच वाटतो. पण उललेल्या बोंडाची टोकं वाळून टणक होतात आणि सरळ बोटाच्या शेंड्यात घुसतात. आधी रक्त येतं. मग कातडी सोलते. मग बोटाचा शेंडा असा घट्ट होतो की काटा लागला तरी कळत नाही. तसा झाला की आई म्हणायची, "आता तुही बोटं कामाची झाली."

कामाची झाली, आणि नेमकी त्याच वर्षी शाळेत टॅब आले.

कुठल्याशा संस्थेनं दिले होते. नारळ फुटला, भाषणं झाली. सरांनी सांगितलं की यापुढे गणिताची प्रत्येक चाचणी टॅबवर होणार. आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला त्यांचीच नावं जाणार ज्यांचं नाव पडद्यावर हिरवं राहील. खडूचा जमाना गेला, असंही ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात.

मला ती परीक्षा हवी होती. ती निघाली तर बारावीपर्यंतच्या शिक्षणाची चिंता मिटणार होती. नाही निघाली तर आमच्याकडे मुलीपुढे एकच रस्ता होता, वावराचा. गणित मला यायचं. बढाई नाही मारत, यायचं. सर फळ्यावर उदाहरण लिहून अर्धं करेपर्यंत माझं वहीत उतरलेलं असायचं. पण आता वही कुणी पाहत नव्हतं.

हिरव्या नावांची पोरं पुढे आणि लाल नावांची मागे, अशी बसायची सोय झाली. मागच्या भिंतीवर जुना फळा होता. आमचा तो "फळ्याचा गट". सर पुढे टॅबवाल्यांना शिकवायचे आणि आम्हाला सांगायचे, "कालचं उदाहरण पुन्हा सोडवा." काल काही शिकवलेलं नसायचं. मागे कोण होतं? आमच्या मोहल्ल्यातली आम्ही तिघी. कोलामगुड्यावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, चालत येणारी पोरं. एका सालगड्याचा पोरगा. पडद्यावर लाल नावं पाहिली की सगळ्या गावाचा नकाशा दिसायचा. कुणी मुद्दाम केलं नाही म्हणतात. नसेलही केलं. मुद्दाम न करताच दर वेळी हे असंच कसं होतं, एवढंच मला कुणीतरी सांगावं.

सर मशीनचं ते बोलले त्या दिवशी घरी मी त्यांचं वाक्य सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "आई, टॅब माह्यं बोट घेत नाई."

आईनं माझा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट पाहिली. "कातडं घट्ट झालं न बाई. थांब." तिनं मला मोरीवर बसवलं आणि टाचा घासायच्या दगडानं बोटांचे शेंडे घासले. मग मोहाच्या तेलाची बाटली काढली. आमच्याकडे भेगांवर, सांध्यांवर, कशावरही तेच तेल लागतं. तिनं दहाही बोटांना ते चोळलं. सकाळी शाळेला निघताना पुन्हा चोळलं. "आता मऊ झाली. घेईन आता." तिला वाटलं, कातडं मऊ झालं की काच मानेल. मलाही वाटलं. आम्हाला काय माहीत त्या काचेला काय लागतं.

काच आणखीच बिघडली. तेलाचे चट्टे उमटले, अक्षरं फाकली, आणि मोहाच्या तेलाचा तो उग्र वास वर्गभर झाला. सर नाकावर रुमाल धरून आले.

"काय लावून आली? कशाचा वास येऊन राह्यला हा?"

मी म्हटलं, "तेल आहे सर. आईनं लावलं."

त्यांनी कपाटातून पिवळं फडकं काढलं आणि माझ्या बाकावर टाकलं. "पूस. आता सगळ्यांचेच पूस. तुले चालवता येत नाई, पुसता तं येते."

तेव्हापासून रोजचं ठरलं. तास संपला की पोरं टॅब टेबलावर ठेवायची आणि मी एकेक पुसून कपाटात लावायची. पोरांच्या घामाचे, चिवड्याचे, शेंबडाचे डाग. कुणाच्या बोटांचे ठसे काचेवर स्वच्छ उमटायचे. त्यांची बोटं काच घेत होती. ती बोटं पुसायची मी. आमच्या घरात दोन पिढ्यांनी भांडून दुसऱ्याची घाण काढायचं काम सोडलं होतं. ते मला शाळेत परत मिळालं, तेही नव्या कोऱ्या टॅबसोबत.

पूर्वाला हे पाहवलं नसावं. एका चाचणीत ती पुढून उठून मागे माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तू सांग, मी दाबून देतो." मी कानात उत्तर सांगायची, ती माझ्या टॅबवर बोट ठेवायची. एकामागून एक सगळी. भिंतीवर माझं नाव हिरवं झालं. उत्तरं माझी. बोट तिचं. हिरवं. मी त्या पडद्याकडे पाहतच राहिले. माझं नाव त्या रंगात मी पहिल्यांदा पाहत होते.

सरांनी पकडलं. "कॉपी करून राह्यल्या दोघी?" पूर्वा रडायला लागली. तिचे वडील गावात वजनदार होते, तिला माफी मिळाली. माझी चाचणी रद्द झाली. मी म्हटलं, "सर, उत्तरं मी सांगितली. वाटल्यास वहीत सोडवून दाखवतो." सर म्हणाले, "वही सिस्टीममध्ये दिसत नाई."

त्या संध्याकाळी मात्र मी बाबांना सगळं सांगितलं. ते शिवायचं वाक्यही. मी रडत रडत म्हणाले, "याच्यापेक्षा फळाच बरा होता, बाबा. जुनंच बरं होतं."

बाबा ओसरीवर बसून विळ्याला धार लावत होते. ते थांबले आणि हसले. चांगलं हसू नव्हतं ते.

"जुनं बरं होतं? आयक मंग. आमचे गुरुजी सगळ्यायच्या पाट्या हातात घेऊन तपासत. अन् मले म्हणे, तुही पाटी तिथीच भुईवर ठेव, अन् सरक मांगं. उभ्यानं वाचत. दुसऱ्या पोरायच्या पाटीवर खडूनं बरोबरची खूण काढत. माह्या पाटीवर कधीच नाई काढली. तोंडानं सांगत, बरोबर आहे. मी घरी पाटी घेऊन येओ, अन् माय विचारे, खूण कुठी आहे रे? मी काय सांगू तिले?"

त्यांनी विळा खाली ठेवला.

"पाटीनं काय केलं होतं मले? खडूनं काय केलं होतं?" बाबा म्हणाले. "यंत्र नवं येते न बाई. त्याच्या मांगचे लोकं तेच असतात."

सातवीनंतर बाबांनी शाळा का सोडली, ते मला त्या दिवशी कळलं. आजवर घरात "परिस्थिती नव्हती" एवढंच सांगत आले होते.

तेव्हापासून माझा कुणावरच भरवसा नाही. टॅब आणणाऱ्यावर नाही आणि "आमच्या वेळचं शिक्षण काय होतं" म्हणून उसासे सोडणाऱ्यावर तर मुळीच नाही. तुमच्या वेळच्या शिक्षणात आमची पाटी भुईवर होती. तुमच्या आताच्या शिक्षणात आमचं नाव लाल आहे. मधल्या काळात बदललं काय ते शोधायला गेले तर मला फक्त विजेचं बिल सापडतं.

मग पाहुणे आले. टॅब देणाऱ्या संस्थेची माणसं, शहरातली. एक मॅडम, दोन साहेब आणि एक फोटोवाला. शाळेचं अंगण शेणानं सारवलं, रांगोळ्या काढल्या. मला सरांनी सकाळीच बजावलं, "तू मांगं राह्य. टॅब पुसून एकेकाले देत जाय. बोलू नको."

मी मागेच होते, फडकं हातात घेऊन. फोटोवाल्यानं वर्गावर नजर फिरवली. पुढच्या गोऱ्या-गोमट्या पोरांवरून ती सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, विटलेला गणवेश. तो मॅडमना म्हणाला, "हिचा घेऊ या. हिचा चेहरा अगदी हवा तसा आहे."

मॅडम वाकून मला म्हणाल्या, "ये बाळ. टॅब हातात घे. छान हस बरं."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण पाहुण्यांपुढे काय बोलणार? त्यांनी स्वतःच पुढून एक टॅब आणला, चालू केला, माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि टॅब दिला. दातांतल्या दातांत म्हणाले, "पकड. हास."

मी टॅबकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना हवा होता. बोट नको होतं. मी शिकत नव्हते, पण शिकताना दिसायला मीच हवी होते. भिंतीवर लावायला. दुसऱ्या गावात दाखवायला. भीती होती, खूप होती. तरी तोंडातून निघालं.

"माह्या बोटानं चालला तं हासीन."

मॅडमना समजलं नाही. "काय म्हणते ती?"

मी टॅब टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर काचेवर बोट दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. दुसऱ्या हाताचं दाबलं. वर्गात कुणी हसलं नाही. गंमत म्हणजे, त्या दिवशी कुणालाच हसू आलं नाही.

"मॅडम, हा मले घेत नाई," मी म्हटलं. "माह्यं उत्तर बरोबर असते. नाव लाल येते. परीक्षेले नाव पाठवत नाई. मले टॅब पुसाले ठेवलं. मी फोटो नाई देणार. अन् आजपासून पुसणारही नाई."

मॅडम सरांकडे पाहू लागल्या. सर म्हणाले, "आवडीनं करते मॅडम ती साफसफाई. थोडी भोळी आहे." मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ड्राय स्किन असेल. थंडीत होतं असं. घरी क्रीम लाव हं." आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "दुसरी एखादी घ्या."

कोलामगुड्यावरच्या एका मुलीला उभं केलं. तिचं बोट घेतं का नाही, कुणी पाहिलं नाही. ती हसली. तिचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई-बाबांना शाळेत बोलावणं आलं. दोघांनीही मजुरी पाडली. हेडमास्तर म्हणाले, "पोरीनं पाहुण्यांपुढे शाळेची इज्जत काढली. माफी मागायला लावा, विषय संपवू."

बाबा म्हणाले, "माफीचं मंग पाहू सर. पहिले पोरीची परीक्षा कागदावर घ्या. तुमच्या समोर घ्या. नापास झाली तं मीच माफी मागतो."

"कागदावरचे मार्क सिस्टीममध्ये भरायची सोय नाही."

"तं सोय करा."

"ते आमच्या हातात नसतं. वरून येतं."

आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि आपले दोन्ही हात हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले, पंजे उताणे. "सर, तुमच्या अंगावरचा शर्ट कापसाचाच आहे न? तो वेचला तं आमची बोटं अशी झाली. आता ह्या बोटायसाठी पोरगी लाल?"

हेडमास्तरांनी हातांकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं.

मी माफी मागितली नाही. फडक्याला पुन्हा हात लावला नाही. सर म्हणायचे, पूस. मी बसून राहायची. छडी बसली, तासभर दाराबाहेर उभी राहिले, पुसलं नाही. शेवटी ज्याचा टॅब त्यालाच पुसावा लागला. आणि शिष्यवृत्ती परीक्षेला माझं नाव गेलं नाही. हे स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टींच्या शेवटी लोक पोरीला जिंकलेली पाहायला टपलेले असतात. मी जिंकले नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, पूर्वा पास झाली. मी हरले. ती परीक्षा मला कुणी परत दिली नाही.

पुढचं शिक्षण आई-बाबांच्या हाडांवर झालं. ते इथे सांगत बसत नाही. आज मी गडचिरोलीच्या जंगलभागात एका छोट्या शाळेत कंत्राटी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातली मुलं मोहफुलं वेचतात, तेंदूपानं तोडतात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत आईसोबत चिखलात उतरतात. आणि गेल्या महिन्यात आमच्याकडे खोकं आलं. नवे टॅब. आधीच्यापेक्षा पातळ, आधीच्यापेक्षा चकचकीत. चाचणी यांच्यावरच, मार्कही यांच्यातूनच वर जाणार.

त्याआधी तालुक्याला प्रशिक्षण झालं. तंत्रज्ञान की पारंपरिक पद्धत, यावर गटचर्चा. चहा, बिस्किटं, दोन बाजू. एका गटानं टॅबची बाजू मांडली, एका गटानं खडू-फळ्याची. दोन्ही बाजूंना टाळ्या. कुणाच्या पाटीला हात लावला आणि कुणाची भुईवर राहिली, यावर चर्चा नव्हती. कुणाचं बोट घेतं आणि कुणाचं नाही, यावरही नव्हती.

मी टॅब फेकून देणारी बाई नाही. पडद्यावर हृदय धडधडताना माझ्या वर्गातल्या पोरांनी पाहिलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या छातीवर हात ठेवले. मला फळ्यावर तसं हृदय काढता येत नाही, हे मान्य आहे. आणि पोरं फळ्यापाशी येऊन, हाताला खडू फासून, चुकून, पुसून, पुन्हा लिहून जे शिकतात ते टॅबवर होत नाही, हेही रोज पाहते. दोन्ही कामाचे आहेत. कामाची कुठलीही वस्तू आमच्यापर्यंत येताना कुणाच्या हातून येते, मी आधी तो हात पाहते.

म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांना मी उभी राहून विचारलं, "ज्या मुलाचं बोट ही काच घेत नाही, त्याचे मार्क कुठे भरायचे?"

ते हसले. "मॅडम, अशी एखादी केस असते. ती नंतर पाहू."

मी म्हटलं, "तीच आधी पाहायची, सर."

ते पुढच्या मुद्द्यावर गेले.

शाळेत येऊन मी खोकं उघडलं आणि प्रत्येक मुलाला काचेवर बोट ठेवायला लावलं. कुणाचं लगेच घेतलं, कुणाचं दोन-तीनदा दाबल्यावर, काहींचं घेतलंच नाही. ज्यांचं घेतलं नाही त्यांनी गुपचूप हात पाठीमागे नेले. कुणी न सांगता. ते मला पाहवलं नाही. मी टॅब बंद करून खोक्यात ठेवले आणि त्या आठवड्याची चाचणी सगळ्या वर्गाची कागदावर घेतली. सगळ्यांचे कागद हातात घेतले, प्रत्येकावर खूण केली. ऑनलाइन मार्क भरले नाहीत. भरायचेच तर सगळ्यांचे भरले जातील असं करा, नाही तर एकाचेही मिळणार नाहीत, असं वर कळवलं.

वरून फोन आला. मग नोटीस आली. आमच्या शाळेमुळे तालुक्याचा आकडा खाली येतो आहे, दोन दिवसांत मार्क भरावेत, अन्यथा कंत्राट पुढे चालू ठेवण्याबाबत विचार करावा लागेल. ओळखीचे शिक्षक समजावायला आले. "काऊन डोकं लावून राह्यल्या मॅडम? आपल्याच बोटानं दाबून भरून टाका न. कोण पाहते?"

भरता येतील. कापूस वेचणं सुटलं, माझी बोटं आता काच घेते. पण माझ्या बोटानं हिरवं करून मुलांना फसवायचं, आणि ज्यानं ही काच बनवली, आणली, वाटली, त्याला कधी कळूच द्यायचं नाही की ती कुणाला नाकारते? ते मी करणार नाही.

दोन दिवस उद्या संपतात. कंत्राट गेलं तर जाईल. मार्क मी भरणार नाही.